अमृतमहोत्सव आणि चैत्रातील चढण

(रुग्णालयाच्या ज्येष्ठ नागरिक स्नेहमेळाव्यात, रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विश्वस्त मंडळाने मला आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही दिले. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी आपण बाह्यरुग्ण विभागात नेहमीच बोलतो. म्हणून आज थोड्या आनंदाच्या विषयाकडे वळावे असे वाटले. घरातल्या आजोबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतात, आजीचे सहस्रचंद्रदर्शन येते, तेव्हा तो दिवस कसा साजरा करावा, आणि त्याचा वसंत ऋतूशी व डोंगरवाटांशी काय संबंध, हे आज मी आपल्यासमोर मांडणार आहे.

‘जालना सोने का पालना’ ही आपल्या शहराची जुनी म्हण आहे. पाळण्यातल्या जिवांची काळजी घेणे हे कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाचे पहिले काम. परंतु पाळण्यापासून दूर गेलेल्या, आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेल्या माणसांची संख्या आता आपल्याकडे झपाट्याने वाढते आहे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील नागरिक सुमारे १० कोटी ३८ लाख होते, आणि त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. आपल्या औद्योगिक वसाहतीचेच पाहा. ऐन तारुण्यात खेड्यातून येऊन येथल्या रोलिंग मिलमध्ये, बियाणे प्रक्रिया केंद्रांत, लहान-मोठ्या कारखान्यांत ज्यांनी पाळ्या केल्या, ती पिढी आता निवृत्त होऊन आजोबा झाली आहे. नातवंडांचे लग्न पाहणे हे ज्यांच्या आजोबांना क्वचितच लाभले, त्यांना ते आज लाभते आहे. म्हणून पंचाहत्तरी आणि ऐंशी हे शब्द आता आपल्या निमंत्रणपत्रिकांवर वारंवार दिसू लागले आहेत, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे.

मित्रहो, वाढत्या वयाचा सन्मान करण्याची आपली परंपरा फार विचारपूर्वक रचलेली आहे. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांती, पंचावन्नाव्या वर्षी वारुणी, साठाव्या वर्षी उग्ररथ, सत्तराव्या वर्षी भीमरथी, पंचाहत्तराव्या वर्षी ऐंद्री, अशा शांती आपल्याकडे सांगितल्या आहेत. यातील धार्मिक भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट डॉक्टरच्या नजरेला लगेच दिसते. पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी थांबावे, मागे वळून पाहावे, पुढच्या वाटेची तयारी करावी, असा हा क्रम आहे. आमच्या भाषेत आम्ही यालाच नियमित तपासणी म्हणतो.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेबही सुंदर आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो. ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत माणसाच्या आयुष्यात सुमारे ९९० पौर्णिमा येऊन गेलेल्या असतात. हजारावी पौर्णिमा उगवते ती त्यानंतर साधारण दहा महिन्यांनी. आपल्या पूर्वजांनी माणसाचे वय मोजायला आकाशातला चंद्र घेतला. तो पाहायचा तर घरातून बाहेर, अंगणात यावे लागते, हे या ठिकाणी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता आजच्या समारंभाकडे पाहू. मंगल कार्यालय ठरते, भोजनाची व्यवस्था होते, आप्तेष्ट जमतात. व्यासपीठावर मखमली खुर्ची असते. आजोबांना तेथे बसवतात. शाल, श्रीफळ, पुष्पहार देतात. पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण होते. हे सगळे प्रेमाने होते आणि ते व्हावेच. औक्षणाच्या वेळी नातवाच्या डोळ्यांत जो उजेड दिसतो त्याची किंमत कोणत्याही औषधाला नाही. माझी काळजी दुसऱ्या दिवशीची आहे. समारंभ संपतो, कार्यालयातली खुर्ची परत जाते, परंतु घरात आजोबांसाठी दुसरी एक खुर्ची कायमची तयार होते. “आता तुम्ही पंचाहत्तरीचे झालात, आता काही करायचे नाही. दूध मी आणतो, भाजी सून आणेल, तुम्ही नुसते बसा,” असे आपण त्यांना सांगतो. आपण त्यांना आराम देतो आहोत अशी आपली समजूत असते, आणि त्याच आरामात त्यांचे पाय हळूहळू हातचे जातात.

हे मी अलंकारिक भाषेत बोलत नाही. पन्नाशीनंतर माणसाच्या स्नायूंचे वस्तुमान दर वर्षी साधारणपणे एक ते दोन टक्क्यांनी घटत जाते, आणि ताकद त्याहूनही वेगाने कमी होते. न वापरलेल्या स्नायूंची घट तर फारच भराभर होते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांना कोणताही आजार नव्हता. तरीही त्या दहा दिवसांत त्यांच्या दोन्ही पायांतील मिळून जवळजवळ एक किलो स्नायूंचा भाग नाहीसा झाला. ज्या पायांनी आयुष्यभर संसार उचलला, ते पाय दहा दिवसांच्या विश्रांतीने इतके खंगतात, तर वर्षानुवर्षांच्या खुर्चीने काय होत असेल, याचा विचार आपणच करावा.

म्हणून माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, आजी-आजोबांच्या मोठ्या वाढदिवसाला त्यांना खुर्चीबरोबरच एक वाटही द्यावी. त्या वर्षीच्या वसंतात सारे कुटुंब मिळून त्यांच्यासह एखादी टेकडी चढावी, आणि त्यासाठी आधीचे तीन महिने त्यांनी तयारी करावी.

हे ऐकून काही जण म्हणतील, ट्रेकिंग हे तरुणांचे, पुण्या-मुंबईचे वेड. ते आपल्याकडे कशाला? बंधूंनो, नाव नवे असेल. चाल मात्र आपलीच आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीचा सोहळा असतो. १५९९ साली संत एकनाथांनी याच तिथीला गोदावरीत देह ठेवला. त्या दिवसासाठी मराठवाड्याच्या गावोगावांहून दिंड्या पायी निघतात, आणि प्रत्येक दिंडीत पांढऱ्या केसांची माणसे असतातच. चैत्र लागला की शिखर शिंगणापूरला भाविक खांद्यावर कावडी घेऊन मुंगी घाटाची उभी चढण चढतात. चैत्री पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हातो. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीच्या गडावर चैत्रोत्सव असतो आणि त्यासाठी खानदेशातून माणसे उन्हातान्हात चालत येतात. सुगी आटोपलेली, हात मोकळे झालेले, पावसाला अवकाश; अशा वेळी घरातल्या लहानथोरांनी मिळून डोंगरावरच्या देवाला जाणे, हीच आपली वसंतातली कौटुंबिक सहल होती. बैलगाडीत भाकरी बांधलेली असे, आजी गाडीत बसे, आणि डोंगराचा पायथा आला की तीच आजी नातवाचे बोट धरून सर्वांच्या पुढे चढू लागे. आपल्या जिल्ह्यातही राजूरचा गणपती उंचवट्यावर आहे आणि अंबडची मत्स्योदरी देवी टेकडीवर आहे. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरला रात्रभर चालत जाणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपल्या देवांनी डोंगर निवडले, त्यामुळे आपल्या पूर्वजांचे गुडघे चालते राहिले, असे मी कधी कधी विनोदाने म्हणतो.

ही ओढ एका घरात पिढ्यान्‌पिढ्या कशी झिरपते याचे एक सुंदर उदाहरण आपल्या मराठी साहित्यात आहे. गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे आपले गोनीदा, १९१६ साली विदर्भात परतवाडा येथे जन्मले. लहान वयातच घर सोडून ते देशासाठी बाहेर पडले, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, त्यांनी नर्मदेची परिक्रमा केली, आणि पुढे महाराष्ट्राचे गड हेच त्यांचे दुसरे घर झाले. राजमाचीच्या परिसरावर त्यांनी ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी लिहिली. ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे त्यांचे पुस्तक १९८३ चे, म्हणजे त्यांच्या वयाच्या सदुसष्टीच्या सुमाराचे. त्यांच्या घरात गडांचे हे प्रेम कन्या डॉ. वीणा देव यांच्याकडे आणि पुढे नातीकडेही आले. वडिलार्जित शेती वाटली की तुकडे होतात. आजोबांनी दाखवलेली वाट कितीही जणांनी वाटून घेतली तरी ती अपुरी पडत नाही.

साठीतल्या पायांची ताकद पाहायची असेल तर १९३० चा वसंत आठवावा. १२ मार्चला साबरमतीहून निघून ५ एप्रिलला महात्मा गांधी दांडीला पोहोचले. सुमारे ३८५ किलोमीटरची ती वाट त्यांनी चालून पार केली तेव्हा त्यांचे वय साठ वर्षे पूर्ण होते. चालण्यासाठी त्यांनी सकाळ आणि संध्याकाळ निवडली होती आणि दुपारी विश्रांती ठेवली होती, हे मी डॉक्टर म्हणून मुद्दाम सांगतो.

आणखी एक उदाहरण जगातील सर्वांत उंच डोंगराचे. जपानचे युईचिरो मिउरा यांनी २३ मे २०१३ रोजी एव्हरेस्ट शिखरावर पाऊल ठेवले, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या सुरुवातीला त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. शिखरावर त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा गोता होता. वर्तमानपत्रांनी शिखराचे छायाचित्र छापले; मला मात्र त्या मोहिमेचा उत्तरार्ध अधिक शिकवून जातो. उतरताना ते फार थकले आणि वाटेतल्या तळावरून पुढे त्यांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. चढण हृदयाची आणि श्वासाची परीक्षा घेते, उतरण मांड्यांची आणि गुडघ्यांची. एव्हरेस्टवर जे खरे, तेच आपल्या टेकडीच्या पायऱ्यांवरही खरे आहे.

आता जवळचा एक अनुभव सांगतो. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील थोडे बदलले आहेत. रोलिंग मिलमध्ये उमेदीची वर्षे काढलेले एक गृहस्थ माझ्याकडे नियमित येत. रक्तदाब होता, काही वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला होता, उजवा गुडघा दुखत असे. पंचाहत्तरी जवळ आली होती. मुलाने कार्यालय ठरवले होते. तपासणी झाल्यावर ते मला म्हणाले, “साहेब, खुर्चीत बसवून हार घालणार आहेत. मेल्यावर बी फोटोला हारच घालायचाय. जितेपणी एकदा डोंगरावर न्या म्हणावं.” लहानपणी आईच्या कडेवर बसून ते अंबडच्या देवीला गेले होते. आता नातवाला घेऊन, पायी, पायऱ्या चढून जावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

मुलगा रागावला नाही. तो घाबरला होता. त्याचे म्हणणे असे की, “साहेब, काही झाले तर गाव मला काय म्हणेल? पंचाहत्तरीच्या बापाला डोंगरावर नेऊन मारले म्हणतील.” मित्रहो, या भीतीची थट्टा करू नये. उतारवयात पडल्यामुळे मांडीच्या हाडाचा सांधा मोडला की माणूस अनेकदा पूर्वीसारखा उभा राहू शकत नाही, हे आम्ही रोज पाहतो. मुलाची भीती खरी होती आणि वडिलांची इच्छाही खरी होती. त्या दोघांमध्ये मार्ग काढणे हे डॉक्टरचे काम होते. आम्ही हृदयाची तपासणी केली, हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतले, भौतिकोपचार विभागाने व्यायाम शिकवले, आणि तीन महिन्यांचा कार्यक्रम आखला. पहिल्या आठवड्यात ते दहा मिनिटे चालत. महिन्याने अर्धा तास. मग घराच्या जिन्यावर दोनदा, चारदा, सहादा. मुलाची रात्रपाळी असे तेव्हा सून सोबत जाई, पहिली पाळी असे तेव्हा नातू.

फाल्गुनातल्या एका रविवारी, सूर्य उगवण्याच्या आधी, ते कुटुंब अंबडला पोहोचले. सारे जण पायऱ्या चढू लागले. निम्म्याहून अधिक चढण झाल्यावर आजोबा थांबले. दम लागला होता, छातीत दुखत नव्हते. परंतु आपल्याला सांगितलेली मर्यादा आली हे त्यांना कळले. मुलगा म्हणाला, “अजून थोड्याच आहेत, दादा.” ते म्हणाले, “देवी मला इथूनही दिसते. इथंच ओवाळा.” सुनेने तेथेच पायरीवर तबक ठेवले. नातू एकटा वर गेला आणि प्रसाद घेऊन आला. मग ते काठी टेकत, सावकाश, स्वतःच्या पायांनी खाली उतरले. मुलाने मला हे सांगताना शेवटी एवढेच म्हटले की, वडिलांना इतके वर्षांत कधी थांबलेले पाहिले नव्हते. कुठे थांबायचे हे ते मला शिकवत होते असे वाटले. कार्यालयातला समारंभही पुढे झाला, आणि त्यात ते बहुतेक वेळ उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करत होते.

या अनुभवात शिखर गाठले गेले नाही, आणि माझ्या मते त्याने काहीच बिघडले नाही. तीन महिने जे पाय चालले, त्या पायांनी पुढे न्हाणीघरात, अंगणात, बसच्या पायरीवर त्यांना सांभाळले. टेकडी हे निमित्त होते.

भगिनींनो, आता मी आपल्याकडे वळतो, कारण आतापर्यंत आजोबांचेच फार बोललो. आपल्या भागातील अनेक आजींना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसते. कागदपत्रांवर कुणीतरी शाळेच्या सोयीने लिहिलेली १ जून असते, किंवा आधार कार्डावर नुसता अंदाज असतो. विचारले तर त्या सांगतात, “पोलीस ॲक्शनच्या पुढल्या साली झाले असं आई म्हणायची.” आपला जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले, त्यामुळे पिढीच्या पिढी आपले वय त्या घटनेवरून मोजते. कुणी १९७२ च्या दुष्काळात आपले पहिले मूल किती वर्षांचे होते त्यावरून हिशेब लावते. ज्या आजीला तारीखच नाही, तिची पंचाहत्तरी घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्या बाईने सर्वांचे वाढदिवस केले, तिचाच वाढदिवस नसावा, हे काही बरे नाही. माझी विनंती आहे की, अशा आजीचे वय अंदाजाने ठरवा आणि तिच्यासाठी वसंतातला एक दिवस निवडा. गुढीपाडवा घ्या, रामनवमी घ्या, चैत्र पौर्णिमा घ्या. तिला विचारा, लहानपणी माहेरच्या कोणत्या डोंगरावर गेली होती. आणि तिला तेथे घेऊन जा. माहेरची टेकडी पाहून तिच्या पावलांना जी गती येते, ती आमच्या कोणत्याही व्यायामाने येत नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट वेळेची. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात असला तरी आपल्या जालन्यात डोंगर चढण्याजोगा वसंत माघ अखेरीपासून गुढीपाडव्यापर्यंतच असतो. पळस फुललेला, सावरीवर लाल फुले, कडुलिंबाला नवी पालवी, आणि सकाळी अजून थोडा गारवा. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. अडचण अशी की, मुलांना सुट्टी लागते ती नेमकी मे महिन्यात. तेव्हा परीक्षेच्या आधीचा एखादा रविवार राखून ठेवावा, सूर्योदयापूर्वी पायथ्याशी पोहोचावे आणि नऊच्या आत खाली उतरावे. आपल्या वसाहतीत भट्टीपाशी काम केलेल्या माणसाला उष्णता काय करते हे मी सांगायला नको. पाणी आणि विश्रांतीचा जो नियम भट्टीपाशी, तोच नियम डोंगरावर.

दुसरी गोष्ट पाण्याची. वाढत्या वयात तहान कमी लागते, म्हणजे शरीराला पाणी हवे असते पण घसा ते सांगत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी घ्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा घालून दिली आहे, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढे मिश्रण सोबत असले तर जुलाब-उलट्यांच्या वेळी फार उपयोगी पडते. येथे एक नाजूक पण महत्त्वाची गोष्ट सांगतो. वाटेत स्वच्छतागृह नसते म्हणून आपल्या आजी घरून निघतानाच पाणी पिणे बंद करतात आणि मग त्यांना चक्कर येते. तेव्हा ठिकाण निवडताना तेथे स्त्रियांसाठी सोय आहे का, हे आधी पाहावे.

तिसरी गोष्ट औषधांची. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये किंवा वाढवू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हृदयाचे ठोके वाढत नाहीत, काहींनी लघवी वाढते. सहलीच्या आधी आठ-पंधरा दिवस डॉक्टरांना भेटून त्यांविषयी विचारावे. मधुमेहाचे इंजेक्शन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये आणि खिशात साखर ठेवावी.

चौथी गोष्ट पायांच्या परीक्षेची. घरी एक साधी चाचणी करता येते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसावे, हात छातीवर बांधावेत आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. जवळ कुणीतरी उभे असावे. पंचाहत्तर ते एकोणऐंशी या वयात पुरुषांना अकरापेक्षा आणि स्त्रियांना दहापेक्षा कमी वेळा उठता आले, तर पडण्याचा धोका अधिक समजतात. अशांनी आधी पाय बळकट करावेत, मग डोंगराचा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांप्रमाणे ज्येष्ठांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरेसा असतो.

पाचवी गोष्ट उतरण्याची. उतरताना काठी हवीच. तिने गुडघ्यावरचा भार कमी होतो. दोन भिंगांच्या चष्म्यातून खाली पाहिले की पायरीची कड पुसट दिसते, म्हणून मान खाली घालून नीट पाहून पाऊल टाकावे. चपला नकोत, तळाला पकड असलेले बूट असावेत. देवगिरीसारख्या किल्ल्यावर जायचे असेल तर आजोबांना अंधारी वाटेत नेण्याचा आग्रह धरू नये. खालचा भाग, मिनार आणि दरवाजे पाहूनही दिवस सार्थकी लागतो.

आणि शेवटची गोष्ट धोक्याच्या खुणांची. छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी वेदना, विश्रांती घेऊनही न थांबणारा दम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात अडखळणे किंवा गोंधळलेले वागणे, यांपैकी काहीही दिसले तर चढणे तेथेच थांबवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे. ज्या ठिकाणी फोन लागत नाही, असे ठिकाण आजी-आजोबांसाठी निवडूच नये.

प्रवासाच्या खर्चाची काळजीही पूर्वीइतकी राहिलेली नाही. राज्य परिवहन महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांसाठी मोफत प्रवासाची योजना सुरू केली. पंचाहत्तरीची शाल कपाटात जाते. त्याऐवजी, किंवा तिच्यासोबत, नातवाने आजोबांना ओळखपत्र खिशात ठेवायला सांगून एसटीने एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी न्यावे, ही भेट अधिक काळ टिकेल.

सारांश, वय हा सत्काराचा विषय आहेच, पण तो वापराचाही विषय आहे. पंचाहत्तर वर्षे चाललेले पाय आपल्या घरात असतील तर त्यांना थांबवण्याची घाई आपण करू नये, आणि त्यांना पळवण्याचा हट्टही धरू नये. त्यांच्या पावलाने चालणे एवढेच मुलांचे काम. त्या पावलाने चालताना नातवाला आपल्या आजोबांचे गाव कळेल, त्यांच्या काळातला दुष्काळ कळेल, कोणत्या झाडाला काय म्हणतात ते कळेल; आणि आणखी पन्नास वर्षांनी तो स्वतः आपल्या नातवाला घेऊन त्याच पायऱ्यांवर उभा राहील.

या वर्षी ज्यांच्या घरी पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यांनी समारंभाच्या तीन महिने आधी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एकदा जरूर यावे. रक्तदाब, साखर, हृदय, डोळे, गुडघे आणि तोल यांची तपासणी करून, कुणाला किती चढण झेपेल हे आम्ही आनंदाने सांगू. ज्यांना सपाट रस्ताच योग्य असेल त्यांना तोही सांगू. मोती तलावाकाठची सकाळही काही कमी सुंदर नसते.

 समोर बसलेल्या सर्व आजी-आजोबांना उदंड आणि चालते आयुष्य लाभो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.